तीस दिवस, पन्नास हजार शब्द : सामूहिक कादंबरीलेखनाच्या आव्हानामागची माणसे आणि पैसा

जुलै 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातल्या 21 जणांनी एक पैज घेतली. महिन्याभरात प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची, चांगली की वाईट हा प्रश्न नंतर. कल्पना ख्रिस बॅटी या तरुण लेखकाची होती. कामावरून सुटल्यावर ही मंडळी कॉफीहाऊसमध्ये जमत, लॅपटॉप उघडत आणि ठरलेला आकडा गाठल्याशिवाय उठायचे नाही असे एकमेकांना बजावत. महिनाअखेर सहा जण 50,000 शब्दांपर्यंत पोहोचले. 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ', म्हणजेच नॅनोरायमो, हे नाव तेव्हाच पडले, आणि या 'राष्ट्रीय' महिन्याचा पसारा तेव्हा एका शहराच्या आसपास होता.

50,000 हा आकडा कुठल्या साहित्यशास्त्रातून आलेला नाही. कपाटातल्या कादंबऱ्यांपैकी त्यातल्या त्यात लहान कादंबरी घेऊन बॅटींनी शब्दांचा अंदाज बांधला आणि तोच आकडा कायम झाला. तीस दिवसांत विभागला की रोजचे 1,667 शब्द होतात. नोकरी करणाऱ्या माणसाला हे रोज दीड ते दोन तासांचे काम आहे. जमण्यासारखे, पण सहज नाही. तीन दिवस बुडाले तर उरलेल्या 27 दिवसांचा हप्ता 1,852 वर जातो, आठवडा बुडाला तर 2,174 वर. आव्हान सोडणारे बहुतेक जण या चढत्या हप्त्याला थकून सोडतात, कथा संपली म्हणून नव्हे.

(मराठीत लिहिणाऱ्यांनी हा आकडा जसाच्या तसा उचलण्याआधी थोडा विचार करावा. इंग्रजीत 'घरात' म्हणायला तीन शब्द लागतात, आपल्याला एक. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटत असल्याने तितक्याच मजकुराचे शब्द मराठीत कमी भरतात. म्हणजे मराठीतले 50,000 शब्द हे मूळ पैजेपेक्षा बरेच जास्त लेखन असते.)

मुदतीत कादंबरी लिहिण्याची कल्पना त्याआधीही होती. कॅनडात व्हँकुव्हरमध्ये 1977 पासून तीन दिवसांत कादंबरी लिहिण्याची स्पर्धा सुरू झाली होती. पण ती स्पर्धा होती: प्रवेश शुल्क, परीक्षक, एक विजेता, आणि त्याचे पुस्तक छापले जाणार. बॅटींच्या मंडळींनी यातले काहीच ठेवले नाही. शुल्क नाही, परीक्षक नाही, कुणी कुणाचे वाचायचे नाही, आणि टप्पा गाठेल तो प्रत्येक जण 'विजेता'. पुढच्या पंचवीस वर्षांत हा उपक्रम का फोफावला आणि कशामुळे अडखळला, ही दोन्ही उत्तरे या चार निर्णयांत आहेत. शुल्क नसल्याने माणसे येत राहिली, आणि शुल्क नसल्यानेच पैशाची ओढाताण कधी मिटली नाही.

2000 साली महिना बदलून नोव्हेंबर केला. कारण साधे: हवा वाईट असते, बाहेर पडावेसे वाटत नाही. 140 जण आले, 29 जणांनी टप्पा गाठला. नियम लिहून काढायची गरज याच वर्षी भासली, कारण आता सगळे एकमेकांचे मित्र नव्हते आणि प्रश्न सुरू झाले. आधीचे अर्धवट हस्तलिखित चालेल का? दोघांनी मिळून लिहिले तर? ठरले ते असे: कादंबरी 1 तारखेपासून कोरी सुरू करायची, आराखडा आणि टिपणे आधी केलेली चालतील, प्रत्यक्ष मजकूर नाही. लेखक एकच असावा. एकच शब्द पन्नास हजार वेळा लिहिणे चालणार नाही. पुढे नियम मोडून कविता, आत्मचरित्र किंवा जुना मसुदा लिहिणाऱ्यांसाठी 'बंडखोर' अशी प्रेमळ जागाही तयार झाली. ही मोकळीक शहाणपणाची होती. कारण परीक्षा घेणारा कुणी नव्हताच, आणि नियम होते ते लिहिणाऱ्याला सबब सापडू नये म्हणून.

2001 हे वर्ष मात्र आयोजन करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे असे आहे. बॅटींनी साधारण आदल्या वर्षीइतकीच माणसे येतील असे धरले होते. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी बातमी पसरवली, वृत्तपत्रांनी उचलली, आणि 5,000 जणांनी नावे नोंदवली. तोवरची व्यवस्था हाताने चालणारी होती. एकेक नोंदणी हाताने, एकेक पडताळणीही हाताने. 140 लोकांसाठी हे काम रात्री जागून उरकता येते, 5,000 साठी येत नाही. शेवटी पडताळणी सोडून द्यावी लागली आणि ज्याने त्याने प्रामाणिकपणे आपला आकडा सांगावा असे ठरले. सातशेहून अधिक जणांनी टप्पा गाठल्याचे कळवले. पैजेचे सगळे आकडे शेजारी ठेवले तर दिसते की पहिल्या वर्षी शंभरात 29 जण पोहोचले, दुसऱ्या वर्षी 21, तिसऱ्या वर्षी 14. गट ओळखीचा असतो तेव्हा समोरच्या खुर्चीतला माणूस तुम्हाला लिहायला बसवतो, अनोळखी हजारोंत ती खुर्चीच नसते.

2002 मध्ये संकेतस्थळाचे बरेचसे काम आपोआप होऊ लागले आणि संख्या 14,000 च्या घरात गेली. पण यंत्रणेने फक्त मोजणी सोपी केली. हरवलेली खुर्ची परत आणली ती पुढच्या वर्षी, स्वयंसेवकांनी.

गावोगावचे स्वयंसेवक

2003 मध्ये 'म्युनिसिपल लिएझन' ही योजना सुरू झाली. सगळे त्यांना एमएल म्हणत. जग प्रदेशांत विभागले आणि प्रत्येक प्रदेशाला एक किंवा दोन बिनपगारी संयोजक मिळाले. त्यांचे काम ठरलेले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस शुभारंभाचा मेळावा घ्यायचा, नोव्हेंबरभर दर आठवड्याला लेखनबैठका घ्यायच्या, आपल्या प्रदेशातल्या लोकांना पत्रे पाठवायची आणि डिसेंबरच्या सुरुवातीला समारोप करायचा. केंद्राकडून त्यांना स्टिकर, पोस्टर असे किरकोळ सामान येई. त्याच सुमारास उत्तेजनपर पत्रेही सहभागींना जाऊ लागली. पण पत्राने जे होते त्यापेक्षा दर मंगळवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात कुणीतरी आपली वाट पाहत आहे, याने जास्त होते. या उपक्रमाचा कणा एमएलच होते, यात आम्हाला शंका नाही.

लेखनबैठकीचा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही, कारण तो चालतो. दोन ते तीन तासांची बैठक. सुरुवातीची पंधरा मिनिटे ओळखीपाळखीला. मग घड्याळ लावून स्प्रिंट, म्हणजे 10, 15 किंवा 20 मिनिटे कुणीही न बोलता सलग लिहायचे. सुरू करताना आपला आकडा टिपायचा, थांबल्यावर पुन्हा टिपायचा आणि फरक मोठ्याने सांगायचा. मध्ये दहा मिनिटे गप्पा. चार स्प्रिंट झाल्या की बऱ्याच जणांचा दिवसाचा हप्ता तिथेच पूर्ण होतो. बिघडते ते दोन ठिकाणी. एक, गप्पांच्या दहा मिनिटांची पंचवीस होतात. म्हणून घड्याळ सांभाळणारा माणूस एकच असावा आणि त्याचे सगळ्यांनी ऐकावे. दोन, जागा. विजेची सॉकेट किती, बंद होण्याची वेळ काय, बोललेले चालते का, हे आधी जाऊन पाहिले नाही तर पहिलीच बैठक फसते आणि पहिल्या बैठकीला नवखे आलेले माणूस दुसऱ्यांदा येत नाही. ग्रंथालये आणि पुस्तकांच्या दुकानांनी जागा द्यावी यासाठी पुढे 'कम राइट इन' नावाची वेगळी योजनाच केली गेली.

संयोजकाचा खरा कस तिसऱ्या आठवड्यात लागतो. तो स्वतःही कादंबरी लिहीत असतो, त्याचाही हप्ता मागे पडलेला असतो, आणि गटातले निम्मे लोक गप्प झालेले असतात. एकटा संयोजक इथे कोसळतो. म्हणून मोठ्या प्रदेशांत दोघे नेमण्याची पद्धत पडली: एकाने बैठका पाहायच्या, दुसऱ्याने पत्रे आणि नवीन लोक.

गप्प होणाऱ्यांचा अंदाज आकड्यांतूनही येतो. 2010 मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी मिळून 280 कोटींहून अधिक शब्द लिहिले. ऐकायला प्रचंड वाटते, पण भागाकार केला तर माणशी साधारण 14,000 होतात, म्हणजे रोजच्या हप्त्याने साडेआठ दिवसांचे काम. त्यातून 50,000 गाठलेल्यांना वगळले तर उरलेल्यांची सरासरी आणखी खाली येते. दुसऱ्या आठवड्यात नवेपणा ओसरतो, पात्रांची ओळख करून झालेली असते आणि कथानकाचा पत्ता नसतो. आयोजकाने आपली ताकद 1 तारखेच्या उत्साहावर न खर्चता 8 ते 16 तारखेसाठी राखून ठेवावी, हे यातून उघड दिसते.

मोजणीचे तंत्रही स्वतःचा इतिहास बाळगून आहे. अनेक वर्षे शेवटच्या आठवड्यात सगळा मजकूर संकेतस्थळावर चिकटवायचा, यंत्र शब्द मोजणार आणि प्रमाणपत्र देणार, अशी रीत होती. मजकूर साठवला जात नसे, तरी अनेकांना धास्ती वाटे. ते प्रत्येक अक्षराच्या जागी एकच अक्षर घालून चिकटवत. शब्दसंख्या तीच राहते. लिहिण्याच्या संगणक-प्रणालीतला आकडा आणि संकेतस्थळाचा आकडा मात्र जुळत नसे, कारण जोडरेघ आणि लांब रेघ यांनी जोडलेले शब्द दोघे वेगळे मोजत. काठावर थांबलेल्याला 30 तारखेच्या रात्री आपण काहीशे शब्दांनी कमी आहोत हे कळे. म्हणून जाणते लोक 50,500 ते 51,000 पर्यंत जाऊनच थांबत. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी संकेतस्थळावर झुंबड उडून ते मंदावणे हेही ठरलेलेच. ज्यांना हे माहीत होते ते 30 तारखेची वाट न पाहता आधीच मोजून मोकळे होत.

वर्गणी नव्हे, देणगी

सहभाग शेवटपर्यंत फुकट राहिला. पैसा येई तो देणगीतून, टी-शर्ट आणि इतर वस्तूंच्या विक्रीतून आणि प्रायोजकांकडून. प्रायोजक बहुधा लेखनाच्या प्रणाली विकणारे असत आणि विजेत्यांना सवलत देत. देणगी देणाऱ्याच्या चित्राभोवती संकेतस्थळावर प्रभावळ दिसे. गोष्ट लहान, पण फार नेमकी: देणाऱ्याला मान मिळे आणि न देणाऱ्यावर बोट रोखले जात नसे. 2004 पासून काही वर्षे जमलेल्या पैशातला वाटा 'रूम टू रीड' या संस्थेमार्फत कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधल्या मुलांच्या ग्रंथालयांना गेला. स्वतःचा सर्व्हर चालवायला पैसे कमी पडत असताना ही देणगी देणे धाडसाचे होते, पण त्यामुळे लोक अधिक मोकळ्या हाताने देत.

पैसा वाढला तशी त्या दशकाच्या मध्यावर ना-नफा संस्था स्थापन झाली, 'द ऑफिस ऑफ लेटर्स अँड लाइट' या नावाने. अमेरिकी कायद्यातल्या 501(सी)(3) या कलमाखाली येणाऱ्या संस्थेच्या देणगीदाराला करसवलत मिळते, त्या बदल्यात संस्थेला संचालक मंडळ ठेवावे लागते आणि दरवर्षी सर्वांना पाहता येईल असे आर्थिक विवरण भरावे लागते. मित्रांच्या पैजेचे रूपांतर पगार, कार्यालय आणि हिशेब असलेल्या संस्थेत झाले. शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र उपक्रम आला, त्यात शब्दांचे उद्दिष्ट मूल स्वतः ठरवू शके. 2007 मध्ये पटकथेसाठी 'स्क्रिप्ट फ्रेंझी' आली आणि 2012 नंतर थांबली. 2011 पासून उन्हाळ्यातली 'कॅम्प नॅनोरायमो' सुरू झाली. त्याच सुमारास बॅटी पूर्णवेळ लेखनासाठी बाहेर पडले आणि 2012 पासून ग्रँट फॉकनर यांनी सूत्रे हाती घेतली.

इथे एक विसंगती मुरत गेली. खर्च वर्षभराचा, देणग्यांचा ओघ मुख्यतः नोव्हेंबरचा. बाराही महिने पगार देणाऱ्या संस्थेचे एकच महिना वाईट गेला तर सगळे वर्ष बुडते. ज्यांच्यामुळे माणसे टिकत ते गावोगावचे संयोजक बिनपगारी, आणि निर्णय मात्र केंद्रात.

तडा गेला तो पैशाआधी विश्वासाला. 2023 च्या अखेरीस चर्चामंचांवरील देखरेख आणि तिथल्या अल्पवयीन मुलांची सुरक्षितता याविषयी गंभीर तक्रारी पुढे आल्या आणि चर्चामंच बंद झाले. मुले आणि प्रौढ एकाच जागी येतात तिथे देखरेख करणारा कोण, त्याची पडताळणी कुणी केली आणि तक्रार कुणाकडे जाते, हे पहिल्या दिवशीच लिहिलेले असावे लागते. चांगल्या मनाच्या स्वयंसेवकांवर सोडून भागत नाही. पाठोपाठ संयोजकांची रचना नव्याने बांधायला घेतली गेली, त्यात अनेक जुने एमएल दूर गेले. सप्टेंबर 2024 मध्ये संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी भूमिका मांडली, त्यात सरसकट विरोधाला वर्गभेदाचा आणि अपंगांविषयीच्या पूर्वग्रहाचा वास आहे असे म्हटले. स्वतः बसून लिहिण्यावर उभ्या राहिलेल्या समुदायाला हे जिव्हारी लागले. सल्लागार मंडळातल्या लेखकांनी राजीनामे दिले, प्रायोजक मागे हटले. 31 मार्च 2025 रोजी संस्था बंद होत असल्याचे जाहीर झाले, आर्थिक अडचण हे त्यामागचे एक मोठे कारण सांगितले गेले.

हस्तलिखिते मात्र लेखकांच्याच संगणकावर होती, ती कुठे गेली नाहीत. सारा ग्रुएन यांची 2006 मध्ये आलेली 'वॉटर फॉर एलिफंट्स' ही गाजलेली कादंबरी या नोव्हेंबरांतूनच पुढे आली होती. हरवण्याची भीती होती ती वर्षावर्षांच्या नोंदींची आणि प्रादेशिक गटांच्या संपर्कयाद्यांची. ज्या गटांनी आपली यादी केंद्राबाहेर स्वतःकडेही ठेवली होती त्यांना पुन्हा जमणे सोपे गेले. आता नवा गट सुरू करणाऱ्याला लागते ते फार नाही: दोन संयोजक, आठवड्याला एक ठरलेली जागा आणि वेळ, देणगी घेणार असाल तर कुणाच्याही वैयक्तिक खात्यात न जाणारा पैसा आणि महिनाअखेर सर्वांसमोर ठेवलेला हिशेब, आणि तीस ओळींचा एक तक्ता. त्यात चार रकाने असतात: तारीख, आजचे शब्द, एकूण, आणि उरलेल्या दिवसांचा हप्ता.