गोळी तीच, धमनी वेगळी

पाळी जायच्या सुमारास अंगातून वाफा निघू लागल्या, पंखा चालू असूनही रात्री उशी घामाने भिजू लागली, की बायका एकमेकींना सांगतात, "होतंच असं, जाईल वर्षभरात." पुष्कळ जणींना त्या सात-सात वर्षं पुरतात. पण वाफा निदान कळतात तरी. धमन्यांत काय चाललंय ते कळत नाही.

इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन धमनीच्या आतल्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करून घेतं. त्याने भिंतीतले स्नायू सैलावतात आणि धमनी रुंदावते. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलायचं यकृताचं कामही इस्ट्रोजेनमुळे जोरात चालतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि दोन्हीकडे ढिलाई येते. मग हे हार्मोन बाहेरून दिलं, तर हृदय वाचेल ना?

अमेरिकेत १९४२ पासून प्रेमारिन ही गोळी विकली जात होती. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन. नावही त्याच इंग्रजी शब्दांच्या तुकड्यांतून जुळवलेलं. तिथल्या नर्सेसच्या १९७६ पासून चाललेल्या पाहणीत हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. अर्थात स्वतःहून अशी गोळी घेणारी बाई बहुधा खाऊनपिऊन सुखी, चालायला जाणारी, वेळच्या वेळी तपासण्या करणारी. श्रेय नेमकं कुणाचं?

ते ठरवायला 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी संशोधन प्रकल्पाने १६,६०८ बायकांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. जुलै २००२ मध्ये हा प्रयोग मुदतीआधीच थांबवला. दर १०,००० बायकांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ आणि स्तनांच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त निघाले होते. आकडे लहान, मथळे मोठे. लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या.

एक गोष्ट मथळ्यांत आली नाही. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेली.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एलिट' प्रयोगाने नेमकं हेच धरलं. ६४३ बायका, काहींची पाळी जाऊन सहा वर्षंही झाली नव्हती, काहींची दहा किंवा जास्त. दोन्हींतल्या काहींना इस्ट्राडायॉल हा इस्ट्रोजेनचाच प्रकार, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. मानेवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीची भिंत मोजायची. जेमतेम पाऊण मिलिमीटरची, दर सहा महिन्यांनी. लवकर सुरू केलेल्यांत ती गोळी न घेणाऱ्यांपेक्षा सावकाश जाड झाली. उशिरा सुरू केलेल्यांत गोळी घ्या, न घ्या, सारखंच. हार्ट अटॅक टळले का, हे काही यातून सिद्ध होत नाही. मोजली ती भिंत.

कारण असं मांडतात: अस्तर धड असेल तर इस्ट्रोजेन त्याला सांभाळतं. पण चरबीचे थर आधीच साचले असतील, तर तेच हार्मोन थर कमकुवत करून फोडू शकतं, आणि तिथे गुठळी धरते. त्यात तोंडावाटे घेतलेली गोळी आधी यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात. कातडीवर लावायच्या पॅच किंवा जेलचं तसं नाही.

म्हणून आज डॉक्टर हार्मोन देतात ते वाफांसाठी, हृदय वाचवायला नव्हे. आणि शक्यतो साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. परदेशातल्या बहिणीने साठीला सुरू केलं म्हणून इथलीने त्याच वयाला विचार करायचा, तर तिची ती दहा वर्षं केव्हाच सरलेली असतात.