जुन्या टार्गेट रिकर्व्हची गाडी दोरीपाशीच का अडते

लाकूड, शिंग आणि स्नायू चिकटवून टोकं पुढे वळवलेली धनुष्यं आशियात फार पूर्वीपासून होती. माळ्यावरून खाली येणाऱ्या ‘व्हिंटेज टार्गेट रिकर्व्ह’चं, म्हणजे नेमबाजीसाठी बनलेल्या, टोकं पुढे वळलेल्या जुन्या धनुष्याचं, त्यांच्याशी नातं वळणापुरतं. त्याचं गोत्र १९५० च्या दशकातलं: मधे मेपलच्या पातळ पट्ट्या, पुढेमागे फायबरग्लास. त्याआधी काही काळ स्टीलची धनुष्यं चालली. ती आतून गंजायची आणि एक दिवस न सांगता तुटायची.

१९६१ च्या सुमारास रायझरवर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारे दांडे) आले आणि धनुष्य जड, लांब, स्थिर झालं. साधारण ६६ ते ७० इंचांचे, एकसंध लाकडी रायझरचे सुबक नमुने याच दशकातले. पण त्यांचं राज्य अल्पायुषी ठरलं. ५२ वर्षांच्या खंडानंतर १९७२ मध्ये म्युनिकला तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली. पुरुषांचं सुवर्ण २८८ बाणांत २,५२८ गुणांना गेलं. त्याच सुमारास धातूचे रायझर आणि सुटे होणारे लिम्ब (म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात; मराठीत हा शब्द ऐकून झाडच आठवतं, पण रेंजवर हाच चालतो) यांनी मैदान घेतलं. एकसंध धनुष्यं कोपऱ्यात गेली.

खरा गुंता दोरीचा. ही धनुष्यं डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याच्या दोरीसाठी बनली. डेक्रॉन ताणली जाते. बाण सुटल्यावरचा हिसका ती थोडा पोटात घेते. सत्तरच्या दशकात केवलार हा कृत्रिम धागा आला: ताणला कमी जायचा, वेग जास्त, पण दोरी कधी तुटेल याचा भरवसा नाही. ऐंशीच्या दशकात पॉलिएथिलीनचे धागे आले, त्यातला एक ‘फास्ट फ्लाइट’. ते मुळात एका धाग्याचं व्यापारी नाव. आता कमी ताणल्या जाणाऱ्या कुठल्याही दोरीला सर्रास तेच म्हणतात, आणि ‘याला फास्ट फ्लाइट चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर देणारे दोघे दोन वेगळ्या दोऱ्यांबद्दल बोलत असतात.

नव्या धनुष्यांची टोकं अशा दोऱ्यांसाठी मजबूत केलेली असतात. जुन्यांवर बहुधा पातळशी चकती, तीही शोभेपुरती. न ताणणारी बारीक दोरी खाचेत रुतते आणि टोक उभं चिरतं. दुसरा पक्ष म्हणतो, दोष धाग्याचा नाही, जाडीचा. दोरीच्या टोकांच्या फासांत जादा धागे भरून ते जाड केले की झालं. युक्तिवादात तथ्य आहे. पण मिळतं काय, तर बाणाला जरासा वेग, आणि त्यासाठी पणाला लागतं पुन्हा न मिळणारं लिम्ब. साइट (नेम धरायचं साधन) दोन खुणा खाली सरकवली तरी बाण पिवळ्यातच, म्हणजे लक्ष्याच्या मध्यातच, जातो. डेक्रॉनच लावावी.

बाकीची डागडुजी त्या मानाने सोपी. वार्निशवर दिसणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा बहुधा वरवरच्या. लिम्बच्या कडेने कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. तंतू अडकला तर तिथे फायबरग्लास उचललंय किंवा थर सुटू लागलेत. रायझरमध्ये आधीच्या मालकाने साइटसाठी पाडलेली भोकं बुजवायचा मोह होतो. राहू द्यावीत, ते धनुष्य कसं वापरलं गेलं, याचा तो एकमेव दाखला असतो.

लिम्बवर लिहिलेलं ‘३६ @ २८’, म्हणजे २८ इंच खेचायला ३६ पौंडांचं बळ, हे बनवतानाचं वजन. आज काट्यावर दोन-तीन पौंड कमी भरलं तर घाबरू नये. तुमची खेच २८ इंचांपेक्षा वेगळी असेल तर दर इंचाला अंदाजे दोन पौंडांचा फरक धरावा. दोरी चढवायची ती स्ट्रिंगरनेच (त्यासाठीच्या मदतीच्या दोरीने). पाय अडकवून चढवलेल्या धनुष्याचं लिम्ब पिळलेलं असतं, आणि दोरीच्या रेषेत डोळा लावला की ते लगेच कळतं.

चढवून काही तास तसंच ठेवावं. मग डोळ्यांच्या सुरक्षेसाठी चष्मा लावून आधी चतुर्थांश, मग अर्धी, मग पूर्ण खेच, आणि प्रत्येक वेळी दोरी हातानेच सावकाश परत आणावी. बाणाशिवाय ती सोडायची नाही, एकदाही. कुठे बारीकसा ‘कट्’ ऐकू आला तर तिथेच थांबून पुन्हा कापूस हातात घ्यावा.