ट्रिप झाल्यानंतरचा पाऊण तास

जयगडच्या औष्णिक वीज केंद्रात ३०० मेगावॉटची चार युनिटं आहेत, डहाणूच्या केंद्रात २५० मेगावॉटची दोन. युनिट म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर यांचा एक संच. दोन्हीकडे कोळसा जळतो आणि दोन्हीकडे वाफ थंड करायला खारं पाणी वापरतात. अशा केंद्रात काही बिनसलं की ‘युनिट ट्रिप झालं’ एवढीच बातमी बाहेर येते. ऐकणाऱ्याला वाटतं, बंद पडलं म्हणजे धोका टळला. कंट्रोल रूममधल्या माणसांचं सगळ्यात अवघड काम मात्र तिथूनच सुरू होतं. कोळसा तोडता येतो, जनरेटर ग्रिडपासून सोडवता येतो. पण बॉयलरच्या पोलादात साठलेली उष्णता आणि मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या रोटरची, म्हणजे टर्बाइन-जनरेटरच्या फिरत्या दांड्याची, गती कुठलंही बटण दाबून नाहीशी होत नाही. ती बेताबेताने जिरवावी लागते.

सगळ्यात वाईट प्रसंग घेऊ. केंद्रातून बाहेर जाणाऱ्या वीजवाहिन्या एकदम तुटल्या आणि आत येणारी वीजही गेली. कोकणात याला खारा वारा पुरतो. तारांना खांबापासून वेगळं ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, पहाटेच्या दवाने तो ओला होतो आणि त्यावरून वीज उडी मारते. म्हणून किनाऱ्यालगतच्या वाहिन्यांचे इन्सुलेटर वेळोवेळी धुवावे लागतात. वादळाची तर गोष्टच वेगळी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा पडलेले खांब उभे करायला किती दिवस लागले, ते श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कुणीही सांगेल.

वाहिनी तुटते त्या क्षणी टर्बाइनवरचा भार शून्य होतो, पण वाफ येतच असते. रोटर उसळून वेग घेतो. वाफेचे व्हॉल्व्ह सेकंदाच्या काही अंशात मिटले नाहीत आणि वेग ३३०० च्या पुढे गेला, तर पाती तुटून आवरणाबाहेर येऊ शकतात. म्हणून ही जबाबदारी माणसावर सोडलेलीच नाही. ते काम यंत्रणा आपोआप करते.

वाफ तोडली तरी कित्येक टनांचा रोटर लगेच थांबत नाही. तो अर्धा-पाऊण तास नुसत्या गतीवर फिरत राहतो आणि तेवढा वेळ त्याच्या बेअरिंगना, म्हणजे त्याला पेलणाऱ्या आधारांना, तेल लागतं. रोटर बेअरिंगच्या धातूला टेकलेला नसतो, तेलाच्या अगदी पातळ थरावर तरंगत असतो. बेअरिंगच्या आतला मऊ मिश्रधातू साधारण २४० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. तेल तुटलं तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. वेग उतरताना तेल देणारा पंप एरवी केंद्राच्याच विजेवर चालतो, आणि आता ती वीज नाही. डिझेल जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद जातात. कधी तो सुरूच होत नाही. अशा वेळी सगळी भिस्त बॅटरीवर चालणाऱ्या एका पंपावर असते. बॅटरीच्या खोलीत ओळीने मांडलेले सेल आणि हा डीसी पंप, एवढ्यावर शेकडो कोटींचं यंत्र आणि जवळपासच्या माणसांचे जीव अवलंबून असतात. त्या पंपाची ठरलेल्या दिवशी चाचणी घेणारा तंत्रज्ञ मला या उद्योगातला फार मोलाचा माणूस वाटतो, आणि ती चाचणी न घेता वहीत सही करणं हा फार मोठा गुन्हा वाटतो.

मोठ्या जनरेटरमध्ये गारव्यासाठी हायड्रोजन भरलेला असतो. तो बाहेर येऊ नये म्हणून रोटरच्या दोन्ही टोकांना वेगळ्या तेलाचा दाब ठेवावा लागतो. त्यालाही बॅटरीवरचा पंप असतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला की ठिणगीला तो पेट घेतो. ज्वलनाला इतकी रुंद मर्यादा असलेले वायू थोडेच.

रोटर थांबला तरी सुटका नाही. तो अजून शेकडो अंश तापलेला असतो. तसाच स्थिर राहिला तर वरची बाजू जास्त गरम राहते, खालची लवकर निवते आणि तो वाकतो. निखाऱ्यावर पापड भाजताना हात थांबला की तो एकीकडे वळतो ना, तसंच. म्हणून बॅरिंग गिअर नावाची दातेरी चाकांची यंत्रणा लावून रोटर संथपणे फिरवत ठेवतात, तो पुरता निवेपर्यंत.

इकडे बॉयलरचं वेगळंच चाललेलं असतं. ३०० मेगावॉटच्या युनिटमध्ये तासाला साधारण हजार टन पाण्याची वाफ होते. ते पाणी पुरवणारे फीड पंप थांबले तर ड्रममधली, म्हणजे बॉयलरच्या माथ्यावरच्या पाणी-वाफेच्या टाकीतली, पातळी मिनिटभराच्या आत धोक्याच्या खुणेखाली जाऊ शकते आणि आगीसमोरच्या नळ्या कोरड्या पडतात. इथे एक फसवणूक आहे. ड्रममधला दाब अचानक पडला की पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेल्यासारखी दिसते. पाणी प्रत्यक्षात कमी होत असतं, काटा मात्र वर चढतो. नवखा इंजिनिअर अशा वेळी पाणी कमी करायला धावतो. उलट पातळी दिसेनाशीच झाली, तर पाणी सोडायची अनावर इच्छा होते. तेव्हा आधी आग तोडायची. लालभडक तापलेल्या नळ्यांत थंड पाणी गेलं तर जे वाचण्यासारखं आहे तेही तडकतं.

आग विझल्यावर ती पुन्हा पेटवायची घाईही तितकीच घातक. भट्टीत न जळालेली कोळशाची भुकटी आणि तेलाची वाफ तरंगत असते. म्हणून निदान पाच मिनिटं पंख्यांनी भट्टीतून हवा खेळवून ती झाडून काढायची. त्याआधी बर्नर पेटूच नयेत अशी कुलपं यंत्रणेतच असतात. ही आग विझण्याची वेळ कोकणात पावसाळ्यात जास्त येते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आगोटीआधी घरात बेगमी करतात तशी केंद्रंही कोरड्या कोळशाची साठवण करतात, तरी ओला कोळसा बंकरमध्ये, म्हणजे बॉयलरजवळच्या कोठारात, चिकटतो, त्याची भुकटी करणाऱ्या चक्कीत जाणारी धार तुटते आणि ज्योत डळमळू लागते. मग तेलाचे बर्नर लावून तिला आधार द्यावा लागतो.

समुद्राने दिलेलं खास संकट मात्र आवाज न करता येतं. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये हजारो नळ्यांवर निवते. ३०० मेगावॉटच्या युनिटला त्यासाठी सेकंदाला दहा टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. वाफेच्या बाजूला जवळजवळ पोकळी असते, नळ्यांत समुद्राचं पाणी. एका नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी ती पोकळी खारं पाणी आत ओढून घेते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. बॉयलरच्या पाण्यात मीठ अगदी लेशमात्र चालतं. क्लोराइड आत गेलं की उच्च दाबाखाली नळ्यांचं पोलाद ठिसूळ होत जातं. यात स्फोट नाही, ज्वाळा नाहीत, फक्त पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारा आकडा चढत जातो. संध्याकाळच्या मागणीची वेळ असते, वरून फोन येत असतात, आणि ‘एवढी रात्र काढू, उद्या बघू’ असं म्हणावंसं वाटतं.

त्या मोहाची किंमत देशाने पाहिली आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहार केंद्रात ५०० मेगावॉटच्या युनिटमध्ये भट्टीच्या तळाशी राख साचून घट्ट झाली होती, आणि ती काढायचं काम युनिट चालू असतानाच सुरू होतं. भट्टीतला दाब उसळला, तापलेले वायू आणि राख बाहेर फेकली गेली, तीसहून अधिक माणसं गेली. म्हणूनच ट्रिप होणं हे अपयश मानू नये असं मी आग्रहाने म्हणेन. वेळेत ट्रिप करणाऱ्या शिफ्ट इन्चार्जला दुसऱ्या दिवशी ‘किती युनिट वीज बुडाली’ असा जाब द्यावा लागत असेल, तर पुढच्या वेळी त्याचा हात अडखळणारच.

शिवाय त्याला निर्णय घ्यायचा असतो तो गोंगाटात. एक बिघाड झाला की शेकडो अलार्म एकामागून एक वाजतात, आणि बहुतेक सगळे परिणामांचे असतात. म्हणून सगळ्यात आधी कुठली सूचना आली ते वेगळं नोंदवून ठेवणारी ‘फर्स्ट आउट’ सोय असते. अनुभवी माणूस आधी तिकडे बघतो.

पुन्हा उभं राहायचं तर वीज लागते, कारण पंप, पंखे आणि चक्क्या केंद्राच्या स्वतःच्या विजेतले सहा ते नऊ टक्के खातात. सगळंच ग्रिड पडलं असेल तर ती बाहेरून आणावी लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि ठाण्याची वीज गेली, तेव्हा शहर ग्रिडपासून वेगळं करून वाचवण्याची योजना अपेक्षेप्रमाणे टिकली नाही. अशा वेळी जलविद्युत उपयोगी पडते. तिला सुरू व्हायला फारशी वीज लागत नाही. चिपळूणजवळ पोफळीच्या परिसरात ज्याची बहुतेक यंत्रं आहेत, त्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे.

वीज परत आल्यावर कोळशाचं युनिट किती लवकर जोडता येईल, हे त्या पहिल्या पाऊण तासात काय जपलं यावर ठरतं. तेल शेवटपर्यंत मिळालं असेल आणि रोटर बॅरिंग गिअरवर फिरता राहिला असेल, तर गरम युनिट काही तासांत पुन्हा ग्रिडवर येतं. बेअरिंग वितळलं किंवा रोटर कायमचा वाकला असेल, तर टर्बाइन उघडावं लागतं आणि त्या कामाला महिने जातात.