पॉट्सडॅम परिषद (१९४५)

दुसऱ्या महायुद्धातील दोस्त राष्ट्रांच्या ‘तीन बड्यांची’ (अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांच्या नेत्यांची) अखेरची शिखर परिषद. बर्लिनलगतच्या पॉट्सडॅम येथे, त्सेसिलिएनहोफ राजवाड्यात १७ जुलै ते २ ऑगस्ट १९४५ या काळात ती भरली. पराभूत जर्मनीचे काय करायचे, हा तिचा जाहीर विषय. पण महायुद्ध संपून अमेरिका-सोव्हिएत अण्वस्त्रस्पर्धा कोठे सुरू झाली असे विचारले, तर बोट याच परिषदेकडे दाखवावे लागते.

पॉट्सडॅम सोव्हिएत लाल सेनेच्या ताब्यात असल्याने यजमानपण सोव्हिएत नेते स्टालिन यांच्याकडे आले. सोव्हिएतांनी राजवाड्याच्या अंगणात तांबड्या जिरेनियमचा भलामोठा तारा लावून घेतला होता. घर कोणाचे, हे पाहुण्यांना वेगळे सांगावे लागले नाही. आतले गोल टेबल मॉस्कोहून मुद्दाम करवून आणलेले. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट एप्रिलमध्ये वारल्याने त्यांच्या जागी आलेले ट्रूमन हजर होते. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल परिषद चालू असतानाच निवडणूक हरले आणि त्यांच्या जागी ॲटली येऊन बसले.

परिषदेच्या आदल्या दिवशी, १६ जुलैला पहाटे, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अणुबाँबची पहिली चाचणी यशस्वी झाली होती. २१ जुलैला तिचा सविस्तर अहवाल हाती पडला आणि ट्रूमन यांचा सूर एकदम चढला. चर्चिल यांच्याही ते नजरेत भरले. २४ जुलैची बैठक उठल्यावर ट्रूमन आपला दुभाषा मागे ठेवून सहज गप्पा माराव्यात तसे स्टालिन यांच्याकडे गेले. विलक्षण संहारक असे नवे अस्त्र आपल्या हाती आले आहे, एवढेच ते म्हणाले; ‘अणू’ हा शब्द उच्चारला नाही. स्टालिन यांनी काहीच विचारले नाही, तेव्हा त्यांना काही उमगलेच नाही असे पाश्चात्त्यांना वाटले. वस्तुतः क्लाउस फुक्ससारख्या हेरांकडून मॉस्कोला बाँबची खबर आधीच पोचली होती. सोव्हिएत सेनानी झुकॉव्ह यांच्या आठवणींनुसार, कामाला वेग द्यायला कुर्चातॉव्हला (सोव्हिएत अणुबाँब प्रकल्पाच्या प्रमुख शास्त्रज्ञाला) सांगावे लागेल, असे स्टालिन त्याच संध्याकाळी म्हणाले.

हिरोशिमा (६ ऑगस्ट) व नागासाकीनंतर, २० ऑगस्टला, गुप्त पोलिसांचे प्रमुख बेरिया यांच्या हाताखाली सोव्हिएत अणुप्रकल्पाची खास समिती नेमली गेली. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सेमिपालातिन्स्क येथे सोव्हिएत बाँबचा स्फोट झाला. अमेरिकेची मक्तेदारी जेमतेम चार वर्षे टिकली.

जर्मनीबाबतच्या ठरावांत युद्धभरपाईचे कलम रुक्ष, पण दूरगामी ठरले. प्रत्येक विजेत्या राष्ट्राने भरपाई मुख्यतः जर्मनीतील आपापल्या ताब्यातल्या विभागातून घ्यावी असे ठरल्याने एकसंध जर्मन अर्थव्यवस्थेची भाषा कागदावरच राहिली. सोव्हिएतांनी केलेली पश्चिम बर्लिनची नाकेबंदी (१९४८-४९) उठली त्याच वर्षी दोन जर्मनी अस्तित्वात आल्या.

राजवाडा पूर्व जर्मनीच्या वाट्याला आला. १९६१ मध्ये उभारलेली बर्लिनची भिंत त्याच्या बागेतूनच, तळ्याच्या काठाने नेण्यात आली.