चाईचा किडा गेला कुठे?

डोक्यातला रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा बहुधा आधी न्हाव्याला दिसतो. मागे आरसा धरून तो सांगतो, "चाई पडलीय. लसूण घासा, किडा मरेल."

या किड्यावर हसण्याआधी पॅरिसकडे बघावे. तिथे १८४३ मध्ये डॉक्टर डेव्हिड ग्रुबी यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसांवर बुरशी दिसली. बुरशी खरीच होती, पण डोक्यातल्या नायट्याची. चाईशी तिची गल्लत झाली आणि ती पुढे बरीच वर्षे टिकली. नंतर फ्रान्सचेच त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांनी एका जंतूवर आळ घेतला, तर १९०२ मध्ये जाके यांनी चक्क दातांवर! त्यामानाने सुश्रुतसंहितेतले 'इंद्रलुप्त' मला जास्त संयमी वाटते: पित्त आणि वात केस पाडतात, कफ आणि रक्त रोमरंध्रे बुजवतात. निदान तिथे किडा तरी नाही.

शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटत असावी, हा विचार १९५८ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ रॉथमन यांनी मांडला. पुरावा यायला चाळीस वर्षे गेली. १९९८ मध्ये इस्रायलच्या गिल्हार यांच्या गटाने रुग्णांची टाळूची त्वचा उंदरांवर रोपली, त्यात त्याच रुग्णांच्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) सोडल्या आणि केस गळाले. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधक अँजेला क्रिस्टियानो यांनी हजारावर रुग्णांची जनुके तपासली. त्यांना स्वतःलाही चाई झालेली. प्रतिकारशक्तीशी जोडलेली जनुके त्यात सापडली. त्या धाग्यावरून जॅक-रोधक औषधांची, म्हणजे प्रतिकारपेशींना संदेश पोचवणारी 'जॅक' प्रथिने अडवणाऱ्या औषधांची, वाट सापडली. त्यांतल्या बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही फक्त तीव्र चाई असलेल्या प्रौढांसाठी.

हल्ल्यात मूळ मरत नाही, झोपते. म्हणूनच लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात आणि श्रेय लसणाला जाते. लसणाने कातडी भाजते, ते मात्र कोणी सांगत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग) लावून चट्ट्याची कड बघतात. तिथे आखूड केस असतात, वर जाड आणि मुळाशी निमुळते, अगदी उद्गारचिन्हासारखे. नखांवर बारीक खळगे आहेत का, तेही पाहतात. गरज वाटली तर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात. चट्ट्यावर कोंड्यासारखे पापुद्रे असले, विशेषतः लहान मुलाच्या डोक्यात, तर खरवडून बुरशीची तपासणी करायलाच हवी. ग्रुबींची बुरशी तिथे खरोखर सापडू शकते, आणि तिचे औषध वेगळे असते.