रोबेर्तो क्लेमेंते

क्लेमेंते, रोबेर्तो : (१८ ऑगस्ट १९३४ – ३१ डिसेंबर १९७२). प्वेर्तो रिकोचा व्यावसायिक बेसबॉलपटू. १९५५ ते १९७२ असे अठरा हंगाम तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून खेळला. त्याची जागा राइट फील्डरची, म्हणजे मैदानाचा उजवा बाहेरचा भाग राखणाऱ्याची. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. या मृत्यूमुळे त्याच्याविषयी बहुधा दानशूर म्हणूनच लिहिले जाते आणि त्याचा खेळ मागे पडतो. खरे तर उजव्या बाजूचे मैदान त्याच्याइतके कुणी राखले असेल का, याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही.

त्याचा जन्म कारोलिना गावाच्या सान आंतोन वस्तीत झाला. घरात सात भावंडे, त्यांत हा धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते, आईचे नाव लुईसा. शाळेत असताना तो भालाफेकही करी, आणि पुढे त्याच्या फेकीचे कौतुक करणाऱ्यांनी त्याचे मूळ या भाल्यात शोधले. अठराव्या वर्षी तो सांतुर्से संघाकडून प्वेर्तो रिकोच्या हिवाळी लीगमध्ये उतरला. १९५४-५५ च्या हिवाळ्यात याच संघाच्या आउटफील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात, मेजर लीगमधला नामवंत खेळाडू विली मेज त्याच्या शेजारी होता. तो संघ कॅरिबियन विजेता ठरला.

फेब्रुवारी १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने १०,००० डॉलर बोनस आणि ५,००० डॉलर पगारावर त्याला करारबद्ध केले. त्या काळच्या नियमानुसार ४,००० डॉलरहून जास्त रक्कम देऊन घेतलेल्या नवख्याला मुख्य संघात ठेवले नाही, तर हंगामाअखेरीस दुसरा संघ त्याला उचलू शकत असे. डॉजर्सने त्याला कनिष्ठ दर्जाच्या माँट्रियल रॉयल्सकडे पाठवले. तिथे त्याला मुद्दाम बसवून ठेवले, म्हणजे कुणाची नजर पडू नये, असे सर्रास सांगितले जाते. नंतरच्या अभ्यासकांनी त्या हंगामाच्या नोंदी चाळून या गोष्टीवर शंका घेतली आहे. नोव्हेंबर १९५४ मध्ये पायरेट्सने पहिल्याच फेरीत त्याला घेतले. त्या वेळी पायरेट्सचा कारभार ब्रँच रिकी पाहत होता. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला ब्रुकलिनमध्ये आणून मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा हाच तो.

बेसबॉलमध्ये तीन बेस (थांबे) ओलांडून घरी, म्हणजे फलंदाजापाशी असलेल्या प्लेटवर, परतले की एक धाव होते. राइट फील्डरपासून तिसरा बेस सर्वांत लांब पडतो. पहिल्या बेसवरचा धावपटू उजवीकडे गेलेल्या फटक्यावर तिसऱ्यापर्यंत पोचेल की दुसऱ्यावरच अडेल, हे या एका खेळाडूच्या हातावर ठरते. क्रिकेट पाहणाऱ्याने सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर आलेली फेक आठवावी; क्लेमेंते तसे जवळजवळ रोज करी. फोर्ब्ज फील्ड या पायरेट्सच्या जुन्या मैदानात उजवीकडची भिंत कोपऱ्यात जेमतेम तीनशे फुटांवर होती, आणि तिच्यावरून चेंडू कसा उडेल हे त्याने पाठ केले होते. आउटफील्डमधून फेकून धावपटू बाद करण्यात त्याच्या नावावर २६६ नोंदी आहेत आणि पाच हंगामांत तो त्या बाबतीत लीगमध्ये पहिला होता. पण हा आकडा फसवा आहे. त्याचा दरारा बसल्यावर धावपटू पळायचेच थांबले, आणि न पळालेल्या धावपटूची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

फलंदाज म्हणून तो पुस्तकी नव्हता. फलंदाजीच्या चौकटीत येण्याआधी मान दोन्हीकडे मोडायची, प्लेटपासून लांब उभे राहायचे आणि बाहेरचे, वाईट चेंडूसुद्धा फटकवायचे, अशी त्याची तऱ्हा. २५ जुलै १९५६ रोजी शिकागो कब्जविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पायरेट्स ५-८ असे मागे होते, तिन्ही बेस भरलेले होते. जिम ब्रॉस्ननचा पहिलाच चेंडू त्याने डावीकडे भिंतीपर्यंत मारला. तिघे घरी आले, बरोबरी झाली. तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला व्यवस्थापक बॉबी ब्रॅगन दोन्ही हात वर करून थांब म्हणत होता. क्लेमेंते त्याच्यासमोरून तसाच सुटला आणि प्लेटला घसरत पोचला. ९-८. चेंडू मैदानाबाहेर न जाता चार धावा आणि त्याच फटक्यावर सामना खिशात, अशी मेजर लीगमधली ही एकमेव ज्ञात घटना आहे.

सुरुवातीची वर्षे सोपी नव्हती. डिसेंबर १९५४ मध्ये एका मद्यधुंद चालकाने त्याच्या मोटारीला धडक दिली आणि पाठीचे दुखणे कायमचे मागे लागले. त्याने दुखणे सांगितले की वृत्तपत्रे त्याला रडूबाई ठरवत. त्याचे स्पॅनिश वळणाचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून खिल्ली उडवली जाई, आणि बेसबॉल कार्डांवर त्याला न विचारता ‘बॉब’ करून टाकले होते. फ्लॉरिडातील फोर्ट मायर्सच्या सराव शिबिरात कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्यांच्या हॉटेलात जागा नव्हती. वाटेत संघ उपाहारगृहात जेवे, हे खेळाडू बसमध्येच बसून राहत, आणि कुणीतरी जेवण बाहेर आणून देई. क्लेमेंतेने असे जेवण घ्यायला नकार दिला. प्वेर्तो रिकोत असला भेद त्याने पाहिला नव्हता. कृष्णवर्णीय आणि परभाषक असा दुहेरी शिक्का त्याला इथे प्रथमच बसला.

१९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, पायरेट्सने न्यूयॉर्क यांकीजना हरवले. सातही सामन्यांत त्याने हिट (बेस मिळवून देणारा यशस्वी फटका) मारली, तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला. मान संघसहकारी डिक ग्रोटला मिळाला. हा सल त्याच्या मनात राहिला, आणि तो त्याने लपवलाही नाही. पुढच्याच वर्षी ०.३५१ सरासरीने तो लीगमध्ये अव्वल ठरला. (बेसबॉलमधली सरासरी धावांची नसते, ०.३५१ म्हणजे शंभरात सुमारे पस्तीस वेळा यशस्वी फटका.) १९६४, १९६५ आणि १९६७ मध्येही तो पहिला आला, तर १९६६ मध्ये २९ होम रन (फलंदाजाला थेट घरी आणणारे, बहुधा मैदानाबाहेर जाणारे फटके) मारून सर्वोत्तम खेळाडू झाला. १९६१ पासून सलग बारा वर्षे क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याच्याकडेच होता. १९६४ मध्ये वेरा झाबाला हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना तीन मुलगे.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यसंस्काराआधी खेळणार नाही, अशी भूमिका पायरेट्सच्या खेळाडूंनी घेतली. त्यांत क्लेमेंते पुढे होता. हंगामाचा पहिला दिवस लांबणीवर पडला. १ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सने मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच सर्वच्या सर्व कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी खेळाडू सुरुवातीच्या फळीत उतरवले, तेव्हा राइट फील्डला तोच होता.

देशभराने त्याला खऱ्या अर्थाने पाहिले ते त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, बॉल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध. वय ३७, सरासरी ०.४१४, पुन्हा सातही सामन्यांत हिट, आणि २-१ ने जिंकलेल्या निर्णायक सामन्यात एक होम रन. तरी त्याच्या खेळाचे सार सहाव्या सामन्यात दिसते. नवव्या डावात २-२ अशी बरोबरी असताना डॉन ब्युफर्डचा फटका उजव्या कोपऱ्यात गेला. पहिल्या बेसवरून निघालेला मार्क बेलँजर घरी आला की सामना संपला. क्लेमेंतेने कोपऱ्यातून चेंडू उचलून थेट प्लेटकडे फेकला, आणि बेलँजर तिसऱ्यावरच थांबला. कुणी बाद झाले नाही, आकडेवारीत काही भर पडली नाही, पुढच्या, जादा डावात ओरिओल्स जिंकलेही. पण ती फेक पाहिलेले लोक तिच्याबद्दल अजून बोलतात. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर दूरचित्रवाणीवर त्याने आधी स्पॅनिशमध्ये आईवडिलांचे आशीर्वाद मागितले, मग इंग्रजीत बोलला.

३० सप्टेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकला मारलेला, दोन बेस मिळवून देणारा फटका म्हणजे त्याची ३,००० वी हिट. तो आकडा गाठणारा तो अकरावा खेळाडू. नियमित हंगामातली ती त्याची शेवटची हिट होती. कारकिर्दीची सरासरी ०.३१७, होम रन २४०.

२३ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने जमीनदोस्त झाली. काही आठवड्यांपूर्वीच तो हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेसाठी प्वेर्तो रिकोचा संघ घेऊन तिथे गेला होता. त्याने मदत गोळा केली. पण पाठवलेले सामान तिथला हुकूमशहा सोमोसा याच्या सैनिकांच्या हाती पडत असल्याचे कळल्यावर स्वतः जायचे ठरवले. भाड्याने घेतलेले डीसी-७ विमान जुने होते, त्याच महिन्यात त्याला एक अपघात होऊन गेला होता आणि त्यात ४,००० पौंडांहून अधिक जादा भार होता. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून उड्डाण करताच ते इस्ला व्हेर्देजवळ समुद्रात कोसळले. विमानात पाच जण होते. क्लेमेंतेचा मृतदेह सापडला नाही. त्याचा मित्र, पायरेट्सचा कॅचर मॅनी सांगियेन शोधकार्यात स्वतः समुद्रात उतरला. अमेरिकी सरकारच्या विमान खात्याने उड्डाण रोखायला हवे होते, असा दावा कुटुंबीयांनी लावला. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला, पण १९७७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याची हॉल ऑफ फेमची (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाची) अट त्याच्यासाठी शिथिल झाली, आणि १९७३ मध्ये ४२४ पैकी ३९३ मतांनी तो निवडला गेला. लॅटिन अमेरिकेतून तिथे पोचलेला तो पहिलाच. गौरवपट्टीवर मात्र त्याचे नाव उलटसुलट कोरले गेले होते, आईचे आडनाव मधे आणि वडिलांचे शेवटी. ‘रोबेर्तो क्लेमेंते वॉकर’ अशी दुरुस्ती व्हायला २००० साल उजाडले. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला मेजर लीग दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार देते. पिट्सबर्गच्या आजच्या मैदानात उजवी भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याचा क्रमांक २१. रॉबिन्सनचा ४२ सर्व संघांनी कायमचा बाजूला ठेवला, तसाच २१ ठेवावा ही मागणी जुनी आहे. ती अजून मान्य झालेली नाही.