चमत्काराची चाचणी

चमत्काराची चाचणी : आपल्या अंगी दैवी, मांत्रिक किंवा अतींद्रिय शक्ती असल्याचे जाहीरपणे सांगणाऱ्याचा दावा, दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेल्या अटींखाली तपासून पाहण्याची पद्धत. बाबा, बुवा, भगत, देवऋषी, मांत्रिक, पाणाडे (जमिनीखालचे पाणी सांगणारे), ज्योतिषी असे सगळेच तिच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात ती ‘आव्हान’ म्हणूनच जास्त ओळखली जाते, कारण बक्षिसाचा आकडा छापून येतो आणि चाचणी क्वचितच पार पडते. घोडे पेंड खाते ते बहुतेक वेळा अटींपाशीच.

दावा चाचणीजोगा करून घेणे हे पहिले आणि सर्वांत किचकट काम. ‘महाराजांच्या कृपेने भले होते’ हे तपासता येत नाही. ‘बंद पाकिटातल्या नोटेचा क्रमांक महाराज सांगतात’ हे तपासता येते. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) यांनी १९६३ मध्ये एक लाख रुपयांचे आव्हान दिले, तेव्हा त्यासोबत अशा कृत्यांची यादीच जोडली होती. मोहोरबंद नोटेचा क्रमांक वाचणे, नोटेची हुबेहूब दुसरी प्रत निर्माण करणे, निखाऱ्यांवर अर्धा मिनिट उभे राहूनही पायाला फोड न येणे, वगैरे. यातला ‘उभे राहणे’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. निखाऱ्यांवरून झपाझप चालणे कुणालाही जमते. राखेने माखलेल्या कोळशातून तेवढ्या वेळात पायाला फारशी उष्णता पोहोचत नाही. उभे राहिले की हिशेब बदलतो. आव्हान घेणाऱ्याला अनामत रक्कम भरावी लागे, त्यामुळे हौशे-नवशे आपोआप गळत.

पाणाड्यांच्या चाचणीत ही शिस्त फार स्वच्छ दिसते. हातात झाडाची बेचकी, नाहीतर तळहातावर आडवा ठेवलेला नारळ. नारळ उभा राहिला की खाली पाणी. शेतात बोअर घेऊन याची परीक्षा होत नाही, कारण पुरेसे खोल गेल्यावर पुष्कळ ठिकाणी पाणी लागतेच, आणि शेजारची जागा खणून कुणी पाहत नाही. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात जादूगार जेम्स रँडी यांनी दहा नळ जमिनीत पुरून कोणता वाहतो ते ओळखायला सांगितले. पितळ आणि सोने शोधण्याच्याही फेऱ्या ठेवल्या. आपण ९२ टक्के बरोबर येऊ, असा सहभागी पाणाड्यांचा अंदाज होता. १११ प्रयत्नांत १५ बरोबर आले. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी साधारण ११ आले असते. अशा चाचण्यांत झाकलेल्या फेरीआधी एक उघडी फेरी घेण्याची पद्धत आहे. पाणी कुठे आहे हे सांगून टाकायचे, बेचकी झुकते का ते पाहायचे आणि ‘आज सगळे व्यवस्थित चालले आहे’ असे पाणाड्याकडून वदवून घ्यायचे. असे केले की ग्रहमान, थकवा आणि लोकांच्या नजरेची सबब नंतर पुढे करता येत नाही. बहुतेक पाणाडे लबाड नसतात, हेही सांगायला हवे. बोटांची नकळत होणारी बारीक हालचाल बेचकी झुकवते. मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्येच प्रेतात्म्यांच्या बैठकीतल्या ‘फिरत्या’ टेबलांबाबत हे दाखवून दिले होते.

लबाडांसाठी मात्र जादूगारच लागतो. शास्त्रज्ञाला निसर्गाशी व्यवहाराची सवय असते आणि निसर्ग बाहीत काही लपवत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसशक्ती-प्रयोगशाळेत दोन तरुण जादूगार रँडी यांच्या सल्ल्याने ‘शक्तिधारी’ म्हणून शिरले आणि १९८३ मध्ये बिंग स्वतःच फोडेपर्यंत चमचे वाकवत राहिले. आपल्याकडची विभूतीही याच जातीची. राखेत भाताची पेज मिसळून छोट्या वड्या थापतात आणि वाळवतात. वडी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या खोबणीत राहते; हाताची मागची बाजू लोकांकडे ठेवून हात गोल फिरवत ती चुरडली की भक्ताच्या ओंजळीत राख पडते. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा खोचून त्यावर ‘मंतरलेले’ पाणी शिंपडले की नारळ पेटतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हे करून दाखवतात आणि मुलांकडूनही करवून घेतात.

बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी १९७६ मध्ये चमत्कारांच्या तपासासाठी समिती नेमली. सत्य साईबाबांना तिने पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. नरसिंहय्यांचा प्रश्न साधा होता : हवेतून अंगठी आणि विभूतीच का येते, भोपळा का येत नाही? मुठीत मावणार नाही अशी वस्तू मागणे ही एका ओळीतली संपूर्ण चाचणीच आहे. (भ्रमाचा भोपळा हा शब्दप्रयोग मराठीत तयारच आहे, ही आपली सोय.)

महाराष्ट्रात प्रत्यक्ष पार पडलेली मोठी चाचणी फलज्योतिषाची आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे यांनी ती आखली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर, अशा दोनशे जन्मवेळा जमवल्या. पत्रिकांना संकेतांक दिले आणि किल्ली विद्यापीठात ठेवली. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवून एवढेच विचारले, की कोणती कुणाची? चाळीसपैकी २८ बरोबर आल्या तर यश मानायचे, हे आधीच जाहीर केले होते. ५१ जणांनी भाग घेतला, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल २४, त्याखालोखाल दोघांचे २२. बाकी सगळे २० किंवा त्याहून खाली. सरासरी १७.२५ भरली, म्हणजे नाणे उडवले असते तर बरे झाले असते. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका सोडवल्या आणि १०२ बरोबर आणल्या.

२८ ही रेघ कडक वाटते, पण ती बेताचीच आहे. एकट्या माणसाला केवळ नशिबाने २८ किंवा जास्त मिळण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. पण २७ जण बसले की त्यांतल्या कुणा एकाला तरी लॉटरी लागण्याची शक्यता पाचात एक होते. म्हणूनच रँडी यांच्या दहा लाख डॉलरच्या आव्हानात प्राथमिक आणि अंतिम अशा दोन फेऱ्या होत्या. हजाराहून अधिक अर्ज येऊनही २०१५ मध्ये ते बंद होईपर्यंत प्राथमिक फेरी कुणीच ओलांडली नाही.

जागा कुणाची, हाही वाद ठरलेला. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी दरबारात भक्तांची माहिती न विचारता सांगणारे बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांना तीस लाखांचे आव्हान दिले : दहा अनोळखी लोकांची नावे, वय, फोन क्रमांक सांगा. शास्त्रींनी रायपूरच्या दरबारात या म्हटले, मानव नागपूरवर अडून राहिले; चाचणी झाली नाही. यात दुराग्रह वाटेल, पण दरबारात कोण भक्त म्हणून उठेल आणि त्याची माहिती असलेली चिठ्ठी आधी कुणाच्या हाताखालून गेली असेल, हे तपासणाऱ्याच्या हातात नसते. अमेरिकन धर्मोपदेशक पीटर पोपॉफ यांना १९८६ मध्ये ‘ईश्वराकडून’ भक्तांची नावे आणि दुखणी कळत. ती कानातल्या यंत्रातून त्यांची पत्नी सांगत असल्याचे रेडिओ लहरी पकडून उघड झाले.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा मार्ग वेगळा आहे. दाभोलकरांच्या २० ऑगस्टच्या हत्येनंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला. तो शक्ती खरी की खोटी हे ठरवत बसत नाही. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, कमाई किंवा दहशत झाली का, एवढे पाहतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

आणि कधीकधी चाचणी अचानक, कागदपत्राविना होऊन जाते. मार्च २००८ मध्ये एका हिंदी वृत्तवाहिनीवर एका तांत्रिकाने मंत्राने माणूस मारता येतो असे सांगितले. ‘मग मला मारा,’ असे सोबत बसलेले विवेकवादी सनल एडामारुकू म्हणाले. तांत्रिकाने मंत्र पुटपुटला, पाणी शिंपडले, सुरी परजली; इतर कार्यक्रम रद्द करून वाहिनीने ते थेट दाखवणे सुरू ठेवले. बराच वेळ काहीच घडेना, तेव्हा एडामारुकूंना त्यांचा कुणी बलवान देव राखत असणार, असे तांत्रिकाने सुचवले. आपण नास्तिक आहोत, असे उत्तर आले. मग रात्री उघड्यावर मोठा संहारविधी झाला, तोही देशभर थेट दिसला, आणि तो संपला तेव्हा एडामारुकू हसत होते.